घर्षण, जडत्व आणि वीस टनांची कॉइल
(१९८४च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



नववीत विज्ञानाच्या सरांनी मला जडत्वाची व्याख्या विचारली होती, तेव्हा मी खाली बघत उभा राहिलो होतो. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. एक्केचाळीस वर्षं त्याच व्याख्येवर पोट भरतोय, म्हणून आज उत्तर देऊन टाकतो.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. भोसरीत यार्ड आहे, ट्रेलर आहेत. पत्र्याच्या कॉइल, प्लेटा, सळया चाकणला, रांजणगावला, कोल्हापूरकडे पोचवायच्या. वडिलांच्या वेळी एकच ट्रक होता. लोकांना वाटतं, यात काय, माल चढवला की गाडी सुटली. वीस टनांची कॉइल ट्रेलरवर ठेवली की ती इतकी गप्प बसलेली दिसते, की हिला बांधायचं कशाला, असं कुणालाही वाटावं. पण सर, ट्रेलर थांबतो तेव्हा कॉइल थांबत नाही. तिला कुणी ब्रेक दाबल्याचं सांगितलेलंच नसतं.

हिशेब सोपा आहे. जोरात ब्रेक मारला तर मालाच्या वजनाच्या सुमारे ऐंशी टक्के इतका जोर पुढे येऊ शकतो, असं धरून युरोपात बांधणीचे नियम केलेत. म्हणजे वीस टनांना सोळा टन. आता तिला धरून काय ठेवतं? घर्षण. तेलकट पत्रा लोखंडी फाळक्यावर असेल तर ते वजनाच्या दहावा हिस्साच धरा, म्हणजे दोन टन. उरलेले चौदा कुणी धरायचे? दहा मिलिमीटरची चांगल्या प्रतीची साखळी सरळ ओढीत साधारण सहा टन धरते. म्हणून खाली रबराची मॅट लागते, घर्षण एकदम कितीतरी पटीने वाढतं. लाकडाच्या पाचरी दोन्ही बाजूंनी अशा बसवायच्या, की कॉइलचा भार पाचरींवर यावा आणि खालून बोट फिरावं. आणि साखळ्या कॉइलच्या डोळ्यातून, काही पुढे तर काही मागे ओढणाऱ्या. वरून आडवी टाकून आवळलेली साखळी माल फक्त दाबते, अडवत नाही. हा फरक न कळणारे अजून पुष्कळ आहेत. त्यात एके काळी मीही होतो.

१९९४ची गोष्ट. संध्याकाळची वेळ, पलीकडच्या कारखान्याचं गेट बंद व्हायच्या आत माल पोचवायचा होता. कॉइलचा डोळा आडवा होता, म्हणजे गडगडली तर सरळ केबिनकडे. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, अजून दोन साखळ्या टाकू." मी म्हणालो, "राहू दे काका, दोन पुरे. उशीर होतोय." कात्रजचा जुना घाट उतरताना, शिंदेवाडीच्या अलीकडे, वळणावर समोर बैलगाडी आली. काकांनी ब्रेक मारला. कॉइल पाचरी फेकून पुढची जाळी तोडत केबिनच्या डाव्या बाजूत घुसली. डावीकडे क्लीनर झोपला होता. एकोणीस वर्षांचा, बीडकडचा पोरगा. ससूनमध्ये त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्या रात्री रक्त द्यायला आपल्या वर्गातले तिघे आले होते. नावं घेतली तर रागावतील, पण ते या हॉलमध्येच आहेत. त्यातल्या एकाने पहाटे चहा पिताना विचारलं, "चूक कुणाची?" मी तेव्हा काकांचं नाव घेतलं, बैलगाडीचं घेतलं. आज सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती. काकांनाही हे मी सांगितलं, पण फार उशिरा, ते गाडी सोडून गावी गेल्यावर.

तो पोरगा आता पन्नाशीचा आहे. यार्डात फाटकापाशी त्याचं टेबल आहे. प्रत्येक गाडीची साखळी तो स्वतः टिकाव मारून बघतो. ती ढिली असली तर आवाज वेगळा येतो. त्याने सही केल्याशिवाय गाडी हलत नाही, माझंही चालत नाही. शिवाय पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर ड्रायव्हरने उतरून साखळ्या पुन्हा आवळायच्या, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि ताण जातो. यावरून माझ्या मुलाची आणि त्याची भांडणं होतात. मी मध्ये पडत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? तुम्ही सगळे नवले पुलावरून जाता. नवीन कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका ट्रकने तिथं कितीतरी गाड्यांना धडक दिली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. तेव्हा त्या उतारावर ट्रेलरच्या पुढे घुसू नका आणि त्याला चिकटून शेजारीही चालू नका.

सळयांचंही तसंच. पूर्वी मागे एक मीटर बाहेर काढायला परवानगी होती. २०१४ साली केंद्राने ती काढून टाकली. २०१९च्या दुरुस्तीनंतर माल बाहेर काढला तर वीस हजार दंड आहे. तरी लाल फडकं बांधून सळया हलवत जाणारा टेम्पो रोज दिसतो. दुचाकीवरच्या नातवंडांना सांगा, त्याच्या मागे लागू नका. फडकं दिसेपर्यंत सळई जवळ आलेली असते.

मघाशी माझा फोन वाजला, त्याबद्दल माफ करा. यार्डातून होता. फाटकावर एक ट्रेलर अडवलाय, गिऱ्हाईक ओरडतंय, असं मुलगा सांगत होता. मी म्हटलं, अडव. जेवणाला मी थांबतोय.