गोळी सोडायची, पण कशी?

(मंडळाच्या ज्येष्ठ विभागाच्या यंदाच्या मार्चमधल्या सभेत केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडंसं आवरून घेतलं आहे.)



अध्यक्षबाईंनी माझी ओळख फारच मोठी करून दिली. मी इथल्या मिडलंड्समधली एक साधी जीपी. सव्वीस वर्षं एकाच सर्जरीत काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्यातले बरेच जण मला डॉक्टर म्हणून कमी आणि गणपतीत साच्याशिवाय मोदक करणारी म्हणून जास्त ओळखतात, ते बरंच आहे.

पत्रकात विषय 'मनाचं आरोग्य' असा छापलाय. तो जरा गोलगोल आहे. मला बोलायचंय ते मनाच्या आजारावरच्या गोळ्यांबद्दल, आणि त्यातही वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या सोडायच्या कशा याबद्दल. चालू कशा करायच्या हे सांगणारे पुष्कळ भेटतात.

हा विषय परका वाटत असेल तर एक आकडा सांगते. २०१७-१८ या एका वर्षात इंग्लंडमध्ये ७३ लाख प्रौढांना अँटिडिप्रेसंट लिहून दिलं गेलं होतं, म्हणजे शंभरात सतरा जणांना. पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या २०१९ च्या अहवालातला आकडा आहे. आज या हॉलमध्ये साठेक माणसं असतील, हिशेब तुम्हीच करा. मी कुणालाही हात वर करायला सांगणार नाही. माझा मात्र मी वर करते.

हो. मी तेरा वर्षं सिटॅलोप्रॅम घेत होते. आमच्या ह्यांच्याखेरीज मंडळात कुणाला माहीत नव्हतं.

२००९ साली मिरजेला आई गेली. फोन आला, तिकीट मिळालं, विमान, मग मुंबईहून गाडी. मी दारात पोचले तेव्हा सगळं उरकून वीस तास झाले होते. परदेशात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. परत आल्यावर झोप गेली, जेवण गेलं, पेशंटसमोर बसून त्यांचं बोलणं कानावरून जायला लागलं. माझ्या जीपीने २० मिलिग्रॅम सिटॅलोप्रॅम दिलं. दीड महिन्यात मी माणसात आले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी 'या गोळ्या वाईटच' असा निष्कर्ष घरी नेऊ नये. त्या गोळीने मला उभं केलं.

मग २०१५ साली वाटलं, पुरे झालं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दोन आठवडे १०, मग दोन आठवडे दिवसाआड १०, आणि बंद. मी शेकडो पेशंटना हेच लिहून दिलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की डोक्यात विजेचा बारीक झटका बसायचा. खरंच, 'झिट्' असा. चक्कर, मळमळ, रात्री सिनेमासारखी स्वप्नं. गणपतीच्या आरतीला उभी राहिले आणि कारण नसताना ढसाढसा रडले. लेकाने टॉवेल पलंगावर टाकला म्हणून त्याला असं काही बोलले की तो दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. तीन आठवडे काढले आणि गोळी परत चालू केली. तिसऱ्या दिवशी सगळं गायब.

आणि मी, डॉक्टरीणबाईंनी, काय निदान केलं? आजार परत आला. आता ही गोळी जन्माची.

थोडा विचार केला असता तर लक्षात यायला हवं होतं. आईच्या वेळी मला विजेचे झटके बसत नव्हते. उदासी हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी येते. हे चार दिवसांत आलं. आणि ही गोळी उदासीवर काम करायला काही आठवडे घेते. हे तीन दिवसांत गेलं. म्हणजे तो आजार नव्हताच. औषध सुटताना शरीराने केलेली तक्रार होती ती. त्याला विथड्रॉवल म्हणतात. लक्षणं नवी आहेत का, किती दिवसांत आली, गोळी घेतल्यावर किती लवकर गेली, एवढ्या तीन प्रश्नांवर बहुतेक वेळा फरक कळतो.

पण आम्हाला शिकवलंच तसं नव्हतं. इथल्या नाइसच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनेत लिहिलं होतं की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि साधारण आठवड्यात आपोआप जातो. २०१९ साली हे वाक्य बदललं. रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सनेही त्याच वर्षी भूमिका बदलली, आणि २०२० मध्ये गोळ्या कशा सोडाव्यात याचं सोप्या इंग्रजीतलं पत्रक काढलं. काहींना हा त्रास आठवडे, महिने टिकतो हे तेव्हा कुठे अधिकृतपणे मान्य झालं.

त्रास सगळ्यांना होतो असं मात्र नाही. २०२४ साली लॅन्सेट सायकियाट्रीत अनेक अभ्यास एकत्र करून केलेला आढावा आला. गोळी थांबवल्यामुळेच त्रास होणारे त्यात साधारण सहा-सातांत एक निघाले आणि तीव्र त्रास पस्तिसांत एकाला. त्यावर टीकाही झाली, की त्यातले बरेच जण थोडेच महिने गोळी घेतलेले होते. आपल्यासारख्या दहा-दहा वर्षं घेणाऱ्यांचा धोका जास्त, असं माझंही मत आहे. कुठली गोळी आहे यावरही अवलंबून असतं. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन सोडायला जास्त अवघड. फ्लुऑक्सेटीन अंगातून फार सावकाश उतरतं, म्हणून त्यामानाने सोपं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला स्वतःला कळायला २०१९ उजाडलं. मार्क हॉरोविट्झ नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर, त्याला स्वतःलाच एस्सिटॅलोप्रॅम सोडताना भयंकर त्रास झालेला. त्याने लंडनच्या डेव्हिड टेलर यांच्याबरोबर एक लेख लिहिला. त्यातलं गणित मी आपल्या भाषेत सांगते.

समजा, मेंदूत एक नाट्यगृह आहे, शंभर खुर्च्यांचं. गोळी म्हणजे प्रेक्षक. पहिले प्रेक्षक आत शिरले की पटापट खुर्च्या धरतात. नंतरच्यांना रिकामी खुर्ची शोधत फिरावं लागतं. सिटॅलोप्रॅमच्या २० मिलिग्रॅममध्ये साधारण ८० खुर्च्या भरतात. ९ मिलिग्रॅममध्येही ७० भरलेल्या असतात. सव्वापाच-साडेपाचला ६०. सव्वादोनला ४०. आणि एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी, ०.८ मध्ये, २०.

आता बघा. २० वरून ९ वर आलात तर दहाच खुर्च्या रिकाम्या झाल्या. तुम्हाला वाटतं, अरे वा, निम्म्याहून जास्त सुटली, काही झालं नाही! आणि त्या उत्साहात ९ वरून एकदम शून्य. सत्तर खुर्च्या एका रात्रीत रिकाम्या. सिंहगडावर माथ्यावरची सपाटी आरामात चालत यायची आणि कड्याच्या टोकावरून खाली उडी मारायची, असला प्रकार. म्हणून डोस जितका खाली जाईल तितकी पायरी लहान करायची. पहिली पायरी ५ मिलिग्रॅमची चालेल, शेवटची अर्ध्या मिलिग्रॅमचीसुद्धा नाही. शून्याकडे जाताना घाई नको.

आणि दिवसाआड गोळी घेणं, जे मी केलं आणि लोकांना करायला लावलं, ते तर चूकच. सिटॅलोप्रॅम दीड दिवसात निम्मं उतरतं. एक दिवस आड म्हणजे रोज वरखाली, वरखाली. कमी घ्या, पण रोज घ्या.

पण एवढ्या लहान डोसाची गोळी मिळत नाही ना! अडकित्त्याने सुपारी कातरतात तशी गोळी कातरणारे काका मी पाहिलेत. त्यापेक्षा पातळ औषध बरं. सिटॅलोप्रॅमचे थेंब मिळतात. ४ थेंबांत ८ मिलिग्रॅम, आणि ते १० च्या गोळीच्या बरोबरीचे धरतात. प्रत्येक औषधाचं असं मिळेलच असं नाही, फार्मसिस्टला विचारायचं. नेदरलँड्समध्ये तर रोजचा डोस थोडाथोडा कमी करून पुड्यांची माळच देतात. नाइसच्या २०२२ च्या सूचनांमध्येही आता आहे, की पायरीपायरीने कमी करा, खाली आल्यावर पायऱ्या लहान करा, गोळीने जमत नसेल तर पातळ औषध वापरा. जीपी कुरकुरला तर नम्रपणे हे सांगा. मी जीपी होते, आम्हाला नम्रपणे सांगितलेलं ऐकू येतं.

माझं मी फेब्रुवारी २०२१ मध्ये चालू केलं, माझ्या जीपीला विचारून. स्वतःची डॉक्टर स्वतः व्हायचं नाही. २० वरून १५, मग १०, प्रत्येक ठिकाणी सहा आठवडे. मग थेंब. चारवरून तीन, तीनवरून दोन. दोनवर हिवाळ्यात आले आणि 'झिट्' परत. या वेळी मी घाबरले नाही. एक थेंब वाढवला, दोन महिने तिथेच थांबले, उन्हं आल्यावर पुढे निघाले. एका थेंबाखाली आल्यावर फार्मसिस्टने आणखी पातळ औषध करून मागवलं, ते सिरिंजने मोजून घ्यायचे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे एरवी दुधाचा हिशेब आणि चतुर्थी, तिथे रोज डोस आणि शेजारी एक अक्षर लिहायचे: 'ब' म्हणजे बरं, 'झ' म्हणजे झटके, 'र' म्हणजे रडू. सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं. एकोणीस महिने लागले. कुणाला तीन लागतात, कुणाला तीन वर्षं. माझं वेळापत्रक उतरवून घेऊ नका, प्रत्येकाचं वेगळं.

आता आपल्या घरांत हमखास घडणारी गोष्ट. आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी येतात. बरोबर 'झोपेची गोळी'. ती झोपेची नसते, क्लोनाझेपाम असतं, पुष्कळदा एस्सिटॅलोप्रॅमबरोबर एकाच गोळीत. आमच्या ओळखीतल्या एका घरी नाशिकहून आलेले बाबा आठ वर्षं ती घेत होते. तिसऱ्या महिन्यात पाकीट संपलं. मुलगा म्हणाला, इथली हवा चांगली, चालायला जाता, कशाला हवी गोळी? सगळ्यांना पटलं. चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्री बाबा उठून पंचवटीची बस शोधायला लागले. मला फोन आला तो पहाटे तीनला. ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा म्हटलं, कारण हे औषध एकदम तोडलं तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. वेळेवर औषध परत चालू झालं आणि बाबा सावरले.

क्लोनाझेपाम या देशात नियंत्रित औषध आहे. तीन महिन्यांपेक्षा कमी साठा असेल तर परवाना लागत नाही, पण डॉक्टरांचं पत्र जवळ हवं. म्हणजे सहा महिन्यांच्या मुक्कामात मधेच संपणार हे गृहीत धरा, आणि संपायच्या आधी जीपीकडे तात्पुरती नोंदणी करा. इंग्लंडमध्ये जीपीला दाखवायला पाहुण्यांनाही पैसे पडत नाहीत. या गोळ्या सावकाश कशा सोडाव्यात हे जगाला शिकवलं ते न्यूकॅसलच्या प्रोफेसर हेदर ॲश्टन यांनी. १९८२ ते १९९४ त्यांनी खास यासाठी क्लिनिक चालवलं आणि पेशंटांकडून शिकून पुस्तिका लिहिली. २०१९ मध्ये त्या गेल्या.

आणि कुणी सोडू नयेत? लिथियम एकदम कधीच नाही. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांबरोबर निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांबद्दल तर फारच जपून. 'देवराई' सिनेमा पाहिलेल्यांना तो आजार घरात काय करतो ते आठवत असेल. २०२३ साली इथला एक अभ्यास आला, २५३ लोकांचा. गोळ्या हळूहळू कमी केलेल्यांत शंभरात पंचवीस जणांचा आजार गंभीरपणे उलटला, चालू ठेवलेल्यांत तेरांचा. साध्या उदासीतही २०२१ च्या एका ब्रिटिश अभ्यासात गोळी सोडलेल्यांतले ५६ टक्के वर्षभरात परत आजारी पडले, चालू ठेवलेल्यांतले ३९ टक्के. म्हणजे सोडली तरी बरेच जण ठीक राहतात, आणि घेतली तरी हमी नाही. तेव्हा नातीचं लग्न, घर बदलणं, कुणाचं आजारपण, अशा वर्षात तरी सोडायला काढू नका. आणि श्रावण आहे म्हणून गोळीचाही उपास, हे तर अजिबात नको.

एक राहिलं. साधारण दहा वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं होतं, गोळी सोडली की डोक्यात वीज चमकते, हे काय गं? मी वाटाण्याच्या करंज्या तळत होते. मान न वळवता म्हटलं, काकू, आजार परत आलाय, मुकाट्याने गोळी घ्या. त्यांनी घेतली. पुन्हा कधी विचारलं नाही.

माझं सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. त्यांनी आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण तू डॉक्टर, म्हटलं तुला जास्त कळत असेल." त्यांच्या जीपीशी बोलून आम्ही दोघींनी कालनिर्णयवर खुणा करायला सुरुवात केली. २० वरून त्या सावकाश ५ वर आल्या. तिथे म्हणाल्या, आता अठ्ठ्याहत्तर झाले, इथं मला बरं वाटतंय, इथेच थांबते. जीपीही हो म्हणाले. आजही ५ वरच आहेत. ही गोष्ट सांगायची परवानगी त्यांनी दिलीय, नाव न घेण्याच्या अटीवर. त्या आज इथे बसल्यात, आणि आता माझ्याकडे डोळे वटारून बघतायत, तेव्हा मी थांबते. प्रश्न चहानंतर घेऊ. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचे नसतील त्यांनी स्वयंपाकघरात या. आज मी काही तळत नाहीये.