पावसाची खतावणी

पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली डिक्शनरी ही गोष्ट पावसाच्या हिशेबातूनच समजून घेऊ. जुने दुकानदार दिवसभराच्या नोंदी येतील तशा रोजकीर्दीत लिहीत, मग एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवीत. पायथॉनची डिक्शनरी ही अशीच खतावणी. फाईलच्या प्रत्येक ओळीत तारीख, महसूल मंडळ आणि मिलिमीटर, मधे स्वल्पविराम. ओळ तोडायची, मंडळाचं नाव ही किल्ली धरायची, खातं असेल तर त्यात पाऊस मिळवायचा, नसेल तर शून्यावर उघडायचं. नावावरूनच आकडा काढून जागा गाठली जाते, त्यामुळे खाती हजारो झाली तरी शोध रखडत नाही.

फाईलमधले आकडे मात्र आधी अक्षरंच असतात. १२ आणि ७ तसेच जोडलेत तर १९ नाही, १२७ येतात! आधी त्यांची संख्या करून घ्या. आकडे देवनागरीत असले तरी पायथॉनला ते कळतात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

खरी गफलत नावात होते. महाड तालुक्यातल्या आपल्या ‘बिरवाडी’ मंडळाच्या नावापुढे एक रिकामी जागा राहिली की तिचं वेगळं खातं उघडतं आणि आपला पाऊस दोन ठिकाणी वाटला जातो. त्यासाठी नाव आधी ‘स्ट्रिप’ करायचं. खात्यातला आकडा काढणाऱ्या ‘गेट’ला, खातं न सापडल्यास द्यायचं उत्तर म्हणून शून्य देण्याची सवय सगळ्यांना असते. जमा करताना ते ठीक. पण एकूण पाऊस विचारताना कुणी ‘बिरवाडि’ टाईप केलं तर उत्तर बिनदिक्कत शून्य येईल. तिथे चौकटी कंस वापरा. ‘की एरर’ देऊन प्रोग्रॅम थांबला तर थांबू द्या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की मंडळात अतिवृष्टी धरतात, पुढचे पंचनामे त्यावर. खोटं शून्य इथे महागात पडतं. पर्जन्यमापक बंद असेल त्या दिवशी आकड्याच्या जागी आडवी रेघ असते, तिलाही शून्य करू नये. असे दिवस दुसऱ्या डिक्शनरीत मोजावेत आणि बेरजेशेजारी छापावेत.

महाडची फाईल चोख झाली तरी जुलै २०२१चा महाडचा पूर तिच्यात मावत नाही. महाडवरून वाहणारी सावित्री नदी उगवते महाबळेश्वरात, आणि तिथे २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तो आकडा साताऱ्याच्या फाईलमध्ये. दोन्ही फायली एकाच डिक्शनरीत ओतताना किल्ली नुसत्या मंडळाच्या नावाची ठेवू नका. जिल्हा, तालुका, मंडळ अशी तिहेरी ठेवा. पायथॉनला ‘टपल’ची किल्ली चालते. लांब कशाला, रायगडातच बघा ना: बिरवाडीचा किल्ला रोहा तालुक्यात, आणि आपण बसलोय ती बिरवाडी महाडात.