चौदा नंबरचा गडी

(आकाशवाणीवरील भाषणाची संहिता)



आर्णीत संध्याकाळी कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा, क्रिकेटचे दोन-तीन डाव एकमेकांत घुसलेले दिसतील, एका कडेला कबड्डीची पोरं दंड थोपटताना दिसतील. रग्बी दिसणार नाही. तो लांबट चेंडू आपल्या तालुक्यातल्या बहुतेक पोट्ट्यांनी पाहिला असेल तर टीव्हीवरच. तरीही आज मी रग्बीवर बोलणार आहे. सगळ्या खेळावर नाही. पंधरा गड्यांपैकी अगदी कडेला उभा राहतो त्या एकावर, विंगरवर. आणि विंगर म्हटलं की जगभर ज्याचं नाव पहिलं निघतं त्या जोना लोमूबद्दल सांगून झाल्यावर मुंबईच्या एका माणसाकडे वळणार आहे. तुम्ही त्याला ओळखता, पण दुसऱ्या कारणानं. तो म्हणजे राहुल बोस, सिनेमातला.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. रग्बीचं मैदान साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडायची आणि चेंडू जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, आज त्याचे पाच गुण मिळतात. अडचण एकच: हातानं चेंडू पुढे फेकता येत नाही. पळायचं पुढे आणि पास द्यायचा मागे किंवा बाजूला. एक ते आठ नंबरचे धिप्पाड गडी मधोमध भिडतात, ढकलाढकली करतात, चेंडू काढतात. तो चेंडू उचलतो नऊ नंबरचा, त्याला स्क्रम-हाफ म्हणतात. त्याच्याकडून दहा, मग बारा, मग तेरा, आणि सगळ्यात शेवटी कडेच्या विंगरला, म्हणजे अकरा किंवा चौदा नंबरला. अकरा डावीकडे, चौदा उजवीकडे.

कबड्डीत चढाईला गेलेला गडी एकटाच असतो, पण जायचं कधी हे त्याच्या पाळीनं ठरतं. विंगरही एकटाच, मात्र त्याची पाळी ठरलेली नाही. मधल्या चार हातांपैकी एक जरी अर्धा क्षण रेंगाळला तर चेंडू आणि अंगावर झेपावणारा माणूस दोघंही एकाच वेळी त्याच्यापाशी पोचतात. चांगला पास आला तर मैदान मोकळं. नाही आला तर ऐंशी मिनिटं पळून चेंडूला पाच-सहा वेळाच हात लागतो. वर समोरच्यानं उंच लाथाडलेला चेंडू धावत्या माणसांच्या लोंढ्याखाली उभं राहून झेलायचा, तेही कामच. विंगर म्हणजे नुसता पळणारा माणूस, असं बरेच जण समजतात. मला वाटतं, धावण्यापेक्षा वाट पाहणं हे त्याचं मोठं काम.

आता लोमू. 12 मे 1975 चा जन्म, न्यूझीलंडचा, आईवडील टोंगा बेटांवरचे. लहानपणीची काही वर्षं टोंगात गेली, पुढची ऑकलंडच्या दक्षिण भागात. तो भाग गरिबीचा आणि टोळ्यांचा. वेस्ली कॉलेज नावाच्या शाळेत त्याला रग्बीनं धरलं. 1994 मध्ये फ्रान्सविरुद्ध तो न्यूझीलंडकडून पहिली कसोटी खेळला तेव्हा वय होतं एकोणीस वर्षं आणि दीड महिना. इतक्या लहान वयात त्या संघाकडून कसोटी तोवर कोणी खेळलं नव्हतं. उंची सहा फूट पाच इंच, वजन एकशेवीस किलोच्या आसपास, आणि शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत. इतकं वजन असलेला माणूस तोवर मधल्या ढकलाढकलीत असायचा. याला त्यांनी कडेला उभं केलं.

18 जून 1995, केपटाउन, विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर इंग्लंड. सामना सुरू होऊन काही मिनिटंच झालेली. लोमूकडे पास येतो, आणि तो पास वाईट असतो. धड हातात येत नाही, त्याला वळून मागून गोळा करावा लागतो. पहिला माणूस बाहेरून चुकवला, दुसरा मागून झेपावला, त्यात लोमूचा तोल गेला. समोर आता इंग्लंडचा शेवटचा माणूस, माइक कॅट. लोमू वळलाच नाही. अडखळत तसाच त्याच्या अंगावरून गेला आणि चेंडू टेकवला. त्या दिवशी त्यानं चार ट्राय केले, न्यूझीलंड 45-29 नं जिंकलं. ती चित्रफीत आजही रग्बीच्या प्रत्येक कार्यक्रमात दाखवतात, आणि प्रत्येक जण कॅटकडे बघतो. मी म्हणतो, तो पास बघा. लोमू मोठा का, तर वाईट पासचंही त्यानं सोनं केलं. ते सगळ्यांच्या नशिबी आणि सगळ्यांच्या अंगात नसतं.

आणि सहाच दिवसांनी, 24 जूनला, जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेनं त्याला एकही ट्राय करू दिला नाही. तो हलला की दोन-तीन जण अंगावर. ज्यादा वेळेत आफ्रिका 15-12 नं जिंकली. नेल्सन मंडेला संघाची हिरवी जर्सी घालून चषक द्यायला उतरले, तो हाच सामना. लोमू पुढेही दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत कधी ट्राय करू शकला नाही.

त्या विश्वचषकानंतर काही महिन्यांतच त्याच्या मूत्रपिंडाला गंभीर आजार असल्याचं निदान झालं. तरी 1998 मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सात जणांच्या रग्बीचं सुवर्ण, 1999 च्या विश्वचषकात आठ ट्राय. दोन विश्वचषक मिळून पंधरा. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानानं 2015 मध्ये त्या आकड्याशी बरोबरी केली. एकूण 63 कसोट्या, 37 ट्राय, आणि शेवटची कसोटी 2002 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. 2004 मध्ये ज्यानं त्याला मूत्रपिंड दिलं तो वेलिंग्टनचा एक रेडिओ निवेदक होता. हे आकाशवाणीवरून सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, त्याबद्दल माफी असावी. ते मूत्रपिंड सात वर्षं चाललं. 18 नोव्हेंबर 2015 ला, चाळिसाव्या वर्षी, लोमू गेला.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे हा खेळ नवा आहे, हा गैरसमज. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी आपापसांत रग्बीचा सामना खेळला आणि पाठोपाठ क्लब काढला. पाच-सहा वर्षांत लोक पोलो-टेनिसकडे वळले, क्लब मोडायची वेळ आली. तेव्हा सदस्यांनी बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा करंडक करवला. त्याच्या मुठी म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. तो कलकत्ता करंडक इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजतागायत खेळतात. आपल्या टांकसाळीच्या रुपयांचा करंडक तिकडे गेला आणि भारताचा स्वतःचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला 1998 साल उजाडलं. मधली एकशेएकोणीस वर्षं खेळ होता, पण क्लबांत, पलटणींत आणि मोठ्या शहरांतल्या थोड्या शाळांत. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर. भारतातली पहिली क्रिकेट कसोटी 1933 मध्ये जिथे झाली तेच मैदान पावसाळ्यात रग्बीला मिळतं. क्रिकेट बंद, चिखल तयार, मग रग्बी. चेंडू फिरत होता, पण त्याच त्या हातांत.

1998 च्या आशियाई रग्बी स्पर्धेत उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय संघात राहुल बोस होता. 1967 चा जन्म, म्हणजे तिशी उलटलेली. लोमूची कसोटी कारकीर्द ज्या वयात संपली, त्याच्या पुढच्या वयात याची सुरू झाली. अर्धा बंगाली, पाव पंजाबी, पाव महाराष्ट्रीय, असा हिशेब त्यानंच एका मुलाखतीत दिला होता. रग्बी आणि बॉक्सिंग या दोन्हींची गोडी लावली आईनं, आणि मला हे फार आवडतं. आपल्याकडच्या किती आया म्हणतील, जा बाळा, दोन ठोसे खाऊन ये? बॉक्सिंगमध्ये पश्चिम भारत स्पर्धेत त्यानं रौप्यपदकही मिळवलं.

भारताकडून तो दोन जागांवर खेळला: स्क्रम-हाफ आणि उजवा विंगर. नऊ आणि चौदा. मघाशी मी सांगितलेली साखळी आठवा. एक चेंडू पाठवणारा पहिला हात, दुसरा चेंडू मिळणारा शेवटचा. दोन्ही टोकांची नोकरी केलेला माणूस म्हणून मला त्याच्यात रस आहे. पास वेळेवर न आल्यावर कडेला काय होतं हे त्याला ठाऊक, आणि पास देणाऱ्याच्या अंगावर काय येतं हेही ठाऊक.

वर्तमानपत्रांत त्याच्याबद्दल 'रग्बीही खेळणारा अभिनेता' असं छापून यायचं. तो 'ही' मला खटकतो. लोमू खेळाच्या बळावर जगला. 1995 च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळानं पैसे घेऊन खेळण्यावरची बंदी उठवली आणि तिकडचे खेळाडू व्यावसायिक झाले. आपल्या खेळाडूंना नोकरीधंदा सांभाळून खेळावं लागलं. बोसचा धंदा चेहऱ्याचा. 2002 मध्ये 'मिस्टर अँड मिसेस अय्यर', 2003 मध्ये 'झंकार बीट्स', 2006 मध्ये 'प्यार के साइड इफेक्ट्स', आणि या सगळ्या वर्षांत हा माणूस अशा खेळात, जिथे नाक मोडणं ही बातमी नसते. पडद्यावरच्या चेहऱ्यावर पोट असलेल्यानं शंभर किलोच्या माणसाच्या गुडघ्यांवर झेप घ्यायची, याला हौस म्हणत नाहीत. 2009 च्या हंगामाला आपण परतणार नाही हे त्यानं जाहीर केलं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती.

खरं सांगायचं तर आशियातही भारत तेव्हा तळाच्या गटातला. जपान, कोरिया, हाँगकाँग कुठच्या कुठे पुढे. तेव्हा बोसला लोमूच्या रांगेत बसवण्याचा माझा इरादा नाही. पण दुबळ्या संघाचा विंगर होणं हे कडेला उभं राहून सामना बघण्यासारखं असतं, आणि तसा तो दहा-अकरा वर्षं उभा राहिला.

2017 मध्ये त्यानं 'पूर्णा' नावाचा सिनेमा दिग्दर्शित केला. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकला गावची मालावत पूर्णा 2014 मध्ये तेरा वर्षांची असताना एव्हरेस्टवर चढली, तिची ही गोष्ट. आपल्याकडच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलीची वाटावी अशी. कडेच्या माणसापर्यंत चेंडू पोचला तर काय होतं, हे या विंगरला पडद्यावर दाखवावंसं वाटलं, असं मी आपलं समजतो.

2021 मध्ये तो भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला. म्हणजे पुन्हा नऊ नंबर. जमीन त्याच्या आधी काही लोकांनी नांगरून ठेवली होती. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतली आदिवासी मुलं 2007 मध्ये इंग्लंडला जाऊन चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आली होती. पुण्याच्या वाहबीज भरुचाच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी 2019 मध्ये मनिलात सिंगापूरला 21-19 नं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि त्या संघात ओडिशाच्या आदिवासी मुली होत्या. मग जून 2025 मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, सात-सात जण, चार-चार मिनिटांचे चार डाव, आणि आपली मुलं जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून. पहिला चषक चेन्नईनं नेला.

सात जणांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये 2016 पासून आहे, आणि आपल्यासारख्या गावांना परवडणारा तोच. मैदान तेवढंच मोठं, माणसं निम्म्याहून कमी, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण विंगर. धिप्पाड आठ जण शोधत बसायला नकोत. पळणारे सात पुरेत, आणि पळणाऱ्यांची आपल्या तांड्या-पोडांवर कधी वाण नव्हती. खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला भेगा, पावसात ती पायाला किलो-किलोनं चिकटते. अशा जमिनीवर झेप घेणाऱ्या पोराचे गुडघे बघवणार नाहीत. आधी गवत लागेल, गवताला पाणी लागेल, आणि आर्णीत मार्चनंतर पाण्याची गोष्ट काढली की मैदानाचा नंबर कितवा लागतो हे मी सांगायला नको.

तोवर टीव्हीवर कुठे सामना दिसला तर एक करा. चेंडूमागे डोळे फिरवू नका. पाच मिनिटं फक्त चौदा नंबरकडे बघा. तो किती वेळा पुढे सरकतो, हात पुढे करतो, आणि चेंडू मध्येच अडकला की मुकाट्यानं मागे येऊन पुन्हा आपल्या जागी उभा राहतो, ते मोजा.