टेस्टर गप्प आहे, म्हणून वायर मेलेली नसते

आजचा एपिसोड छोटा आहे. पण ज्यांच्या घराला अंगण आहे, त्यांनी तो आई-बाबांनाही नक्की ऐकवा.

झालं असं, की जूनमध्ये मी साताऱ्याला घरी गेलो होतो. पाऊस पडून माती मऊ झालेली. बाबांना अंगणात पेरूचं झाड लावायचं होतं. घर आम्ही जुन्या मालकाकडून विकत घेतलंय, त्यामुळे जमिनीखाली काय पुरलंय याचा आम्हाला पत्ता नाही. फूटभर खणलं आणि कुदळ कशाला तरी अडकली. माती बाजूला केली तर दोन वायरी. एक काळी, गोल, बारीक. दुसरी चपटी.

बाबा म्हणाले, "जुन्या असतील रे. काप आणि टाक."

मी पडलो इंजिनिअर! आतून नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर आणला. पेनासारखा असतो बघा, करंट असलेल्या वायरजवळ नेला की टीं टीं वाजतो. दोन्हींना लावून बघितला. शांत. मी पक्कड उचलली.

आणि मला ऑफिस आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक जुना कोड उडवला होता, कारण दोन आठवडे लॉगमध्ये त्याची एकही नोंद नव्हती. तो फक्त महिनाअखेरीला चालायचा! त्या महिनाअखेरीला मी रात्रभर जागलो होतो. मी पक्कड खाली ठेवली आणि ओळखीच्या वायरमन काकांना फोन केला.

काका येईपर्यंत आईने कपडे धुवायला काढले. टाकीतलं पाणी उतरलं. मी सहज परत टेस्टर चपट्या वायरजवळ नेला. टीं टीं टीं! बाबा दोन पावलं मागे सरकले.

ती बोअरच्या मोटरची केबल होती. आमची मोटर ऑटोवर आहे. टाकी भरलेली असली की बंद, पाणी उतरलं की आपोआप चालू. बोअर घरामागे आहे, म्हणून केबलही मागूनच गेली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. स्टार्टर पुढच्या पोर्चमध्ये आहे, हे डोक्यातच आलं नाही. ओली माती, हातात पक्कड आणि 230 व्होल्ट. पुढचं बोलायला नको.

काकांनी आल्यावर आधी मला झापलं, मग समजावलं. टेस्टर गप्प राहण्याची कारणं बरीच असतात. एक तर आमच्यासारखं, त्या क्षणी वायर बंद असते. दुसरं, जाड आर्मर्ड केबल. तिच्या प्लॅस्टिकखाली लोखंडी पट्ट्या किंवा तारांचं चिलखत असतं. आत करंट असला तरी बाहेर टेस्टर वाजत नाही. तिसरं, डीसी करंट. सोलर पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसीच असतो, शेकडो व्होल्टचाही असू शकतो, आणि हा टेस्टर तो पकडतच नाही. शिवाय टेस्टरचा सेल उतरलेला असू शकतो. म्हणून आधी चालू सॉकेटवर बघायचं, मग वायरवर, मग पुन्हा सॉकेटवर.

मी विचारलं, "काका, मेन स्विच पाडला की झालं ना?" तर तेही नाही! खांबापासून मीटरपर्यंतची केबल मेन स्विचच्या अलीकडे असते. तुम्ही घर अंधारात बुडवा, ती चालूच राहते. तशी केबल वाटली तर खणणं थांबवायचं आणि वीज कंपनीला 1912 वर कळवायचं.

मग ओळखायचं कसं? दोन्ही टोकं शोधायची. मीटर, स्टार्टर, टाकी, गेटचा दिवा, सीसीटीव्ही, भिंतीवरची जुनी डबी, सगळीकडे फिरून बघायचं कुठली वायर जमिनीत शिरते. आमची गोल वायर अशीच सापडली. तिचं एक टोक कंपाउंडपाशी तुटलेलं होतं, दुसरं लँडलाइनच्या डबीत. आत पांढऱ्या-निळ्या आणि पांढऱ्या-नारिंगी बारीक जोड्या. टेलिफोनची वायर. जिथे टोकं दिसत नाहीत, तिथे वायरमन सप्लाय बंद करून एका टोकाला सिग्नल सोडतो आणि दुसरीकडे रिसीव्हर घेऊन माग काढतो. ते काम त्याचंच, आपलं नाही.

अजून एक खूण. खणताना मध्येच वाळूचा थर किंवा आडव्या मांडलेल्या विटा लागल्या तर थांबा. केबल नीट पुरणारे लोक वर तेवढ्यासाठीच विटा ठेवतात. रस्त्यावर खणणाऱ्यांसाठी तर 2023 मध्ये सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. अंगणात मात्र विचारायचं कुणाला? जुना मालक सापडला तर त्याला, नाहीतर वायरमनला.

आम्ही पेरू चार फूट पलीकडे लावला. खड्डा बुजवायच्या आधी मी टेप लावून फोटो काढले, भिंतीपासून किती फूट ते लिहिलं आणि कागद मीटरच्या बॉक्समध्ये चिकटवला. उद्या हे घर दुसऱ्या कुणी घेतलं, तर त्याच्या हातात पक्कड येण्याआधी तो कागद यावा, एवढंच.

तुमच्या अंगणात काय पुरलंय, आज घरी विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!