विरळ रंगाचें तेज

जर्मनींत इमेंडिंगेनपाशीं डॅन्यूबचें पाणी जमिनींत मुरून नाहींसें होतें. तेंच आख येथील झऱ्यांतून ऱ्हाईनकडे जातें काय, हा गिरणीवाल्यांचा कळीचा वाद होता. १८७७ सालीं क्नोप यांनीं १० किलो फ्लुओरेसीन तेथें सोडलें. सुमारें ६० तासांनीं झरा हिरवा चकाकला. शंका फिटली, भांडण मात्र १९२७ सालींहि न्यायालयांत होतेंच!

इतक्या विरळ द्रावणांत तेज कसें? तेथें प्रत्येक रेणूस प्रकाश पोंचतो. प्रकाश किंवा रंग दुप्पट केल्यास तेजहि दुप्पट होतें. दाट द्रावणांत वरचा थरच प्रकाश गिळतो, आणि शेजारी रेणू एकमेकांची ऊर्जा घेऊन ती उष्णतेंत दवडतात. प्रकाश फार प्रखर केल्यास रेणूच मोडून रंग विटतो; म्हणून सूक्ष्मदर्शकाशीं बसणारा जाणता संशोधक दिवा मंदच ठेवितो.