तिकिटाच्या पैशात काय काय येते?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस कामगारांच्या प्रश्नावर बोलावयास सांगितले आणि आम्ही विषय कळविला तो खेळाडू व प्रेक्षक यांचा. चालक जरा गोंधळले असावेत. परंतु आमच्या मते विषय तोच राहिला आहे. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या पैशासाठी जो अंग मोडून राबतो तो कामगार; मग त्याच्या हाती हातोडा असो की बॅट. कोणी म्हणेल, एवढे पैसे मिळविणारा हा कसला कामगार? मोठे पैसे मूठभरांनाच मिळतात ही गोष्ट सोडा. पण पगार मोठा असला म्हणून शिवी लहान होते काय?

प्रथम एक गोष्ट कबूल करू या. झेल सुटला, सोपा गोल हुकला, तर हुर्यो उडविण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. त्याने पदरचे पैसे मोडलेले असतात. सुतार वाकडा पाट करून देईल तर गिऱ्हाईक बोलणारच. परंतु गिऱ्हाइकाने पाटाविषयी बोलावे. सुताराची जात, त्याचा रंग, त्याची आई यांचा पाटाशी काय संबंध? तिकिटाच्या पैशात खेळ पाहणे येते, खेळावर बोलणे येते. खेळणाऱ्याची अब्रू त्यात येत नाही.

तरीही शिवी आलीच, तर खेळाडूने काय करावे? तीन वाटा आम्हांस दिसतात.

पहिली वाट हात उचलण्याची. २५ जानेवारी १९९५ रोजी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडचा एरिक कँटोना पंचांनी बाहेर काढल्यावर मैदान सोडत होता. एका प्रेक्षकाने त्याच्यावर तोंड सोडले. कँटोनाने कठड्यावरून उडी घेऊन त्याला लाथ घातली. आठ महिने त्याचा खेळ बंद झाला, दंड झाला, दोन आठवड्यांची कैद सुनावली गेली. अपिलात तिच्या जागी १२० तासांची समाजसेवा आली. १९९७ साली टोरंटोला भारत-पाकिस्तान सामन्यात इंझमाम-उल-हक याला एकजण कर्णा लावून बटाटा म्हणून चिडवीत होता. इंझमाम प्रेक्षकांत घुसला आणि दोन सामने घरी बसला. त्या दिवशी हसणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे विसरून चालणार नाही.

कारखान्यातील चौकशी आम्ही आयुष्यभर पाहत आलो. साहेबाच्या शिवीने पेटून कामगाराने थप्पड मारली, तर चौकशीच्या कागदावर थप्पड येते. शिवी येत नाही. शिवीला वळ उठत नाही, मग पुरावा कोठून आणणार? हात उचलणाऱ्याची बाजू खरी असली तरी हात उचलताक्षणी तो आपला खटला समोरच्याच्या हाती देतो.

याच प्रकारची, परंतु फार अवघड गोष्ट अमेरिकेत १९१२ साली घडली. ती आम्ही सविस्तर सांगणार आहोत, कारण आम्हां संघटनेच्या माणसांना ती स्वस्थ बसू देत नाही. डेट्रॉइट टायगर्स हा बेसबॉलचा संघ, आणि टाय कॉब हा त्यातला सर्वांत मोठा खेळाडू. १५ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये एक प्रेक्षक त्याला सारखा शिव्या देत होता. शेवटी त्याने कॉबच्या वंशाविषयी अपशब्द काढला. कॉब प्रेक्षकांत चढला व त्याने त्या माणसाला खाली पाडून बुटांनी तुडविले. त्या माणसाचा एक हात आणि दुसऱ्या हाताची तीन बोटे कामावरच्या अपघातात गेलेली होती. म्हणजे मार खाणाराही कामगारच, आणि तोही अपंग झालेला. लीगच्या अध्यक्षांनी कॉबला बेमुदत बाहेर ठेवले.

कॉब स्वभावाने तुसडा, भांडखोर. त्याच्या सोबत्यांचेही त्याच्याशी पटत नसे. तरी ते सगळे एक झाले. आमची बाजू न ऐकता शिक्षा कशी देता, आणि प्रेक्षकांपासून आमचे रक्षण कोण करणार, असे त्यांचे दोन प्रश्न होते. १८ मे रोजी फिलाडेल्फियात ते मैदानावर आले आणि कॉबला खेळू देत नाहीत असे पाहताच परत फिरले. संघ उतरला नाही तर मालकाला मोठा दंड होता. म्हणून व्यवस्थापकाने गावातली हौशी पोरे गोळा करून त्यांना संघाचे कपडे चढविले. बदली कामगार आणून गिरणी चालविण्याचा प्रयोग आपल्याला नवा नाही. तिथे त्या प्रयोगाचे फळ असे निघाले की संघ २४ विरुद्ध २ धावांनी हरला. थोड्याच दिवसांत संप मिटला. संपकऱ्यांना प्रत्येकी १०० डॉलर दंड झाला. खुद्द कॉबला ५० डॉलर आणि दहा दिवसांची बंदी. त्याच वर्षी खेळाडूंनी आपली संघटना उभी केली.

आता सांगा, हा संप योग्य की अयोग्य? हातांनी अधू असलेल्या माणसाला तुडविणाऱ्यासाठी संप करावा काय? आमचे उत्तर असे आहे: कॉबचे कृत्य निंद्य होते आणि संपाची मागणी न्याय्य होती. ज्याच्यासाठी भांडावे तो धुतल्या तांदळासारखाच असावा असा नियम केला, तर संघटनेला कोणासाठीच भांडता येणार नाही. सुनावणीचा हक्क सज्जनापुरता नसतो. मात्र संघटनेने बाहेर भांडताना घरात त्या माणसाचा कान धरला पाहिजे. हे दुसरे काम आपण नेहमी टाळतो.

दुसरी वाट गिळण्याची. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनच्या संघातून उतरला. कोणी काही बोलले तरी उलट उत्तर द्यायचे नाही, असा शब्द संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याच्याकडून घेतला होता. प्रेक्षकांतून आणि विरुद्ध संघाच्या बाकांवरूनही घाण शब्द आले. तो खेळत राहिला. त्याच्या मागून इतर काळ्या खेळाडूंना दार उघडे झाले. अशा माणसापुढे मस्तक लवते. पण अन्याय करणाऱ्यांनी सुधारावे म्हणून ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच दर वेळी तोंड शिवून घ्यावे, हा कायमचा कायदा होऊ शकत नाही. १९४९ पासून तो शब्द सुटला आणि रॉबिन्सन उघडपणे बोलू लागला, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी वाट काम थांबविण्याची, आणि तीही सर्वांनी मिळून. ३ जानेवारी २०१३ रोजी इटलीत बुस्तो आर्सिझियो येथे केव्हिन-प्रिन्स बोआटेंग याला काही प्रेक्षक रंगावरून हिणवू लागले. त्याने चेंडू उचलून प्रेक्षकांकडे लाथाडला आणि तो निघाला. त्याच्यामागे सारा मिलान संघ निघाला. सामना तिथेच संपला. एकटा गेला असता तर तो रुसवा ठरला असता; अकरा गेले म्हणून ती मागणी ठरली.

जानेवारी २०२१ मधील सिडनीची गोष्ट आपल्या जवळची आहे. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज. वडील दोनच महिन्यांपूर्वी वारलेले. सीमेवर उभा असताना त्याला प्रेक्षकांतून शिव्या ऐकू आल्या. त्याने हात उचलला नाही आणि शिवी गिळलीही नाही. तो चालत आपल्या कप्तानाकडे गेला. कप्तान डोंबिवलीत वाढलेले अजिंक्य रहाणे. त्यांनी पंचांना सांगितले, खेळ काही मिनिटे थांबला, सहा प्रेक्षक बाहेर काढले गेले. पुढे चौकशीत वांशिक शिवीगाळ झाल्याचे मान्य झाले. पण बाहेर काढलेले ते सहाजण दोषी नव्हते असेही निघाले. म्हणून म्हणतो, चौकशी दोन्हीकडची हवी. घाईचा न्याय सायबाचा असो की आपला, तो कच्चाच असतो.

सिडनीवर आपण रागावलो, ते ठीकच. पण ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखविणारे प्रेक्षक कोण होते? ते परके नव्हते; तुमच्याआमच्या चाळीतून, बंगल्यातून गेलेली पोरे होती. शिवी आपल्याला लागली की जखम, आणि आपण दिली की गंमत, हा हिशेब एका तराजूत बसत नाही.

मग जबाबदारी कोणाची? गिरणीत पट्टा उघडा राहून हात गेला तर जबाबदार मालक असतो, तसेच मैदान हे कामाचे ठिकाण आहे आणि ते सुरक्षित ठेवणे हे चालविणाऱ्याचे काम आहे. तिकीट विकणाऱ्याने शिवी देणाऱ्याला ओळखून काढावे आणि कायद्यानेही त्याला विचारावे. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर २०२३ साली व्हिनिसियस या खेळाडूला वंशावरून हिणविणाऱ्या तिघांना जून २०२४ मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली. खेळाडूला लाथ घालावी लागली नाही. त्याने बोट दाखविले, आणि पुढचे काम न्यायालयाने केले.

उरला प्रेक्षक, म्हणजे आपण. बसच्या वाहकाला, इस्पितळातल्या परिचारिकेला, तमाशाच्या फडावरच्या बाईला आपण ज्या तोंडाने बोलतो तेच तोंड मैदानावर जाते. शेजारचा प्रेक्षक शिवी देऊ लागला तर "अहो, खेळावर बोला" एवढे तीन शब्द आपणांस म्हणता येतील. त्याला तिकीट लागत नाही, थोडे धैर्य लागते. ते आपणांत आहे असा आमचा विश्वास आहे.