काळ्या कागदातली फरशी

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या महाकाय डिटेक्टरचे नाव आपण ऐकले असेल. त्याचा एक थर मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचाही त्यात वाटा होता. मी चाचणीच्या बाजूला होतो.

हा थर म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या फरश्या. प्लास्टिक साधे नव्हे. त्यातून भारित कण गेला की निळसर प्रकाश चमकतो. फरशीत कोरलेल्या खाचेत मिलिमीटरहून किंचित बारीक तंतू बसवलेला असतो. तो निळा प्रकाश शोषून हिरवा करतो आणि बाहेर नेतो. फरश्या पांढऱ्या कागदात, वरून काळ्या वेष्टनात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवायच्या. असे ट्रे एकूण ४३२.

चाचणीला निम्मी मदत आकाशच करते. विश्वकिरणांमुळे तयार झालेले म्युऑन दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक, असे सतत कोसळत असतात. छप्पर, स्लॅब काही त्यांना अडवत नाही. ट्रेच्या वर एक आणि खाली एक छोटा डिटेक्टर ठेवायचा. दोघांनी एकाच क्षणी ‘आला’ म्हटले, तरच मधल्या फरशीची साक्ष काढायची. तंतू वाकवताना चीर पडलेली असेल तर डोळ्यांना ती दिसत नाही, पण पलीकडे प्रकाश कमी पोचतो. वेष्टनाला सुईच्या टोकाएवढे भोक असले तर उलटे होते. खोलीतलाच उजेड आत शिरतो. ट्रेवर काळे फडके टाकावे आणि मोजणीचा आकडा झटकन उतरावा, की समजायचे, आता टॉर्च घेऊन भोक शोधणे आले. हे काम भारी कंटाळवाणे!

एवढी काटेकोरी कशासाठी? सीएमएसचे प्रचंड चुंबक आतल्या ऊर्जामापकाला जाड होऊ देत नाही. त्यामुळे काही कणवर्षावांचे शेपूट चुंबकाबाहेर निसटते. ते पकडायचे काम या फरश्यांचे. एखादी मुकी राहिली तर ऊर्जेच्या हिशेबात तूट येते. गंमत अशी, की शास्त्रज्ञ तूटच शोधत असतात. कुठल्याही ऊर्जामापकाला न सापडणारा नवा कण अशाच तुटीवरून ओळखायचा. म्हणजे आमच्या एका भोकाने कुणाला नसलेला कण दिसला असता!

२०१३–१४च्या विश्रांतीकाळात या थराचे जुने प्रकाशसंवेदक काढून सिलिकॉनचे बसवले. फरश्या मात्र त्याच ठेवल्या.